धोट्याला तोंड कुणाचं?



गेटवर, सभेत, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर एक वाद हटकून निघतो. एक म्हणतो, काळ कितीही बदलला तरी माणसाचं मन बदलत नाही, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. दुसरा म्हणतो, आता कुठं राहिली जात न् कुठं राहिला विटाळ, जुनं उकरून काढू नका. दोघं हातवारे करून भांडतात, पण नीट ऐकाल तर सांगतात एकच, की आता काही करायची गरज नाही. पहिल्याच्या मते उपयोग नाही म्हणून, दुसऱ्याच्या मते काम झालं म्हणून. आणि दोघांचंही म्हणणं मालकाला गोड लागतं.

आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या सडकेवरची आंजी (मोठी) हे आमचं गाव. कापसाचा मुलूख. आमच्याकडच्या कितीतरी घरांनी शेती सोडून गिरणी धरली, कुणी हिंगणघाटची, कुणी पुलगावची, कुणी थेट नागपूरची एम्प्रेस मिल गाठली. १८७७ साली सुरू झालेला एम्प्रेसचा भोंगा आता थांबला, पुलगावचाही थांबला. आमच्यासारखे काही अजून रिंगफ्रेमवर उभे आहेत. तेव्हा हा वाद आम्ही पोथ्यापुराणातून सोडवणार नाही. आपल्या कामातलीच एक वस्तू साक्षीला काढतो. ती वस्तू म्हणजे धोटा.

नव्या पोरांना धोटा ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मागावर ताण्याच्या मधून बाणा घेऊन इकडून तिकडे धावणारा, दोन्ही टोकांना पोलादी टोपण असलेला लाकडाचा ठोकळा तो धोटा. कुणी शटल म्हणतात. त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हे बोटानं चटकन जमत नाही. म्हणून विणकर भोकाला तोंड लावायचा, श्वास आत ओढायचा, की सूत बाहेर. दिवसातून कितीतरी वेळा हेच. आणि तोच धोटा दिवसपाळीच्या तोंडाला, तोच रातपाळीच्या, तोच बदलीवाल्याच्या.

ह्या बारीक भोकावरून मुंबईच्या गिरण्यांत मोठी भिंत उभी राहिली. सवर्ण विणकर म्हणाले, अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. झालं! विणकाम खात्याचं दार त्याला बंद. रिंग खात्यात तो चालायचा. कापसाचा धुरळा छातीत घ्यायला चालायचा. गिरणीला लागणारं सूत तो काढायचा, ते सूत पुढं विणकराच्या हाती जायचं, तेव्हा विटाळ नाही. पण मागावर उभा राहायचा म्हटलं की विटाळ! आणि बंधूंनो, इथंच थांबून विचार करा. गिरणीत जास्त पगार कुठल्या खात्यात होता? विणकामात. मागावर मदतनीस म्हणून आपला भाऊ, भाचा, गाववाला आणून उभा करायची सोय कुठं होती? विणकामात. म्हणजे विटाळ हे कुंपण होतं आणि पिकलेलं शेत कुंपणाच्या आत होतं.

कुणी म्हणेल, हे तुम्ही मागाहून जुळवता, त्या लोकांची श्रद्धाच तशी होती. ठीक आहे, श्रद्धा होती असं धरून चला. मग दोन दाखले घ्या आणि सांगा.

पहिला दाखला विलायतेचा. लँकेशायरच्या गिरण्यांत हाच धोटा, हीच तोंड लावायची रीत. तिकडे गंमतीनं त्याला धोट्याचं चुंबन म्हणायचे. एकाचं तोंड दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. दात किडायचे, रोग पसरायची भीती होती, म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ सालीच कायदा करून ही रीत बंद केली. इंग्लंडात ती १९५२ नंतरही चालत राहिली. तोंड न लावता सूत निघेल असा धोटा केव्हाच निघाला होता, पण मालकाला खर्च नको आणि विणकराला हातची सवय सोडवत नाही. आता आपल्याकडचं बघा. इथल्या विणकरानं कधी विचारलं का, की माझ्या आधी ह्या धोट्याला तोंड लावणाऱ्या माझ्याच जातवाल्याला क्षय आहे का? नाही विचारलं. खऱ्या रोगाची फिकीर नाही, जातीची मात्र फिकीर.

दुसरा दाखला आमच्याच मुलखाचा. नागपूर, वर्धा, चांदा ह्या भागात महार समाजातले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं कापड विणत आले. घरात माग, सुताला खळ त्यांच्या हातची, ठाण त्यांच्या हातचं. ते कापड आठवडी बाजारात जायचं आणि कुणब्याच्या, तेल्याच्या, माळ्याच्या अंगावर चढायचं. कुणी म्हटलं का, की हे धोतर नेसल्यानं आम्ही बाटलो? मग गिरण्या निघाल्या, गिरणीच्या कापडानं त्यांचे माग मोडले. ज्याच्या बापजाद्यांचा धंदाच विणकामाचा, त्याला मुंबईच्या गिरणीत विणकाम शिवायला बंदी. विटाळ कुठं सुरू होतो न् कुठं संपतो, हे धर्मग्रंथ ठरवत नव्हता. ज्याचा फायदा तो ठरवत होता.

हे दार उघडायची मागणी कधी झाली, ते प्रत्येक कामगाराला ठाऊक पाहिजे. १९२८ साली २६ एप्रिलपासून मुंबईत सार्वत्रिक संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने उपाशी राहिले, ऑक्टोबरात संप मिटला. गिरणी कामगार युनियन जन्माला आली ती ह्याच संपात. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं. सगळ्या खात्यांत काम करायचा अस्पृश्य कामगाराचा हक्क मान्य करा, नाहीतर संपात पडू नका असं मी माझ्या लोकांना सांगेन. पुढाऱ्यांनी कां कूं करत, मोठ्या नाखुशीनं ती मागणी यादीत घातली. आणि यादी मालकांपुढे गेली तेव्हा मालक काय म्हणाले? हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही! मालकाच्या शंभर गोष्टी खोट्या असतील, पण ह्या एका गोष्टीत त्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. दार आतून बंद होतं. कडी कामगाराच्याच हातात होती.

(मालक साळसूद होता असं मात्र कुणी समजू नये. फुटलेला कामगार त्याला हवाच होता. कडी आतून लागलेली पाहून तो बाहेर खुशाल बसला होता.)

त्याच १९२८ सालच्या जुलै महिन्यात, म्हणजे मुंबईत संप ऐन भरात असताना, आमच्या वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायणाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. कर्मठांचा विरोध सोसून केलं. ही मोठी गोष्ट झाली, आम्ही ती कमी लेखत नाही. पण दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. देवळाचं दार उघडलं, तेव्हा दर्शन घेऊन माणूस घरी जातो आणि बाकीचा संसार होता तसा चालतो. मागावर आलेला माणूस घरी जात नाही. तो उद्या येतो, परवा येतो, तुमच्या बरोबरीचा पगार उचलतो, आपल्या भाच्याला चिकटवतो. म्हणून एकाच वर्षी देऊळ उघडलं आणि विणकाम खातं अडून बसलं. माणसाचं मन बदलतं की नाही हे बघायचं तर देवळाच्या पायरीवर थोडं कळतं, पगाराच्या खिडकीशी जास्त कळतं.

मग बदललं का मन?

आमचं म्हणणं असं की बदलतं. पण उपदेशानं बदलत नाही आणि काळ गेला म्हणून आपोआप तर मुळीच नाही. आधी हात बदलतात, माणूस नाइलाजानं वेगळं वागू लागतो. मग त्याची सवय होते. मग कुठं मन हळूहळू मागून येतं, तेही पाय ओढत. आणि जिथं पदरचं काही सोडायची पाळी येते तिथं ते बैलासारखं फतकल मारून बसतं.

१९२९ चा संप फसला. फसायला कारणं पुष्कळ होती, पुढारी मीरतच्या खटल्यात अडकले होते, शहरात दंगे होऊन गेले होते. पण ज्याला तुम्ही मागाजवळ उभं राहू देत नाही, तो तुमच्या संपात तुमच्याजवळ का उभा राहील, हा प्रश्नही तिथंच होता. पुढं नऊ वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्या वेळी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे पुढारी एकत्र उभे राहिले. १९२८ साली नाखुशीनं मागणी लिहिणारे आणि ती लिहायला लावणारे एकाच लढ्यात! कुणी कुणाला कीर्तन ऐकवलं नव्हतं. गरजेनं आणले एकत्र. आम्ही त्यालाही बदलच म्हणतो. गरजेपोटी आलेला बदल खोटा असं म्हणणाऱ्यानं संसार केलेला नसावा.

पण लगेच गुलाल उधळू नका. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत काय झालं ते आठवा. गिरणगावातली कामगारवस्ती. एकाच भोंग्यावर उठणारे, एकाच गेटातून आत जाणारे. दलित पँथरची सभा झाली, त्यावरून दंगल पेटली आणि चाळीचाळींत दिवसेंदिवस दगडफेक चालली. इतकी वर्षं एका छपराखाली काम केलं होतं, एका बावट्याखाली घोषणा दिल्या होत्या, ते सारं कुठं गेलं? आमचा विचार असा, की गिरणीत माणसं एकत्र होती, पण घराकडं वळली की इमारती वेगळ्या. सोयरीक वेगळी, गावाकडची विहीर वेगळी. चोवीस तासांतल्या आठ तासांचं मन बदललं होतं, बाकीच्याला कुणी हातच लावला नव्हता. नुसतं खांद्याला खांदा लागला म्हणून मन बदलत नाही.

आणि तो धोटा? तो नव्या गिरण्यांतून गेलाच. आता रॅपियर आले, एअरजेट आले, त्यांना धोटाच नाही, तोंड लावायचं कामच नाही. विटाळाचं कारण यंत्रानं काढून टाकलं. पण विटाळ उठून दुसऱ्या जागी जाऊन बसला. भाड्याच्या खोलीत बसला, पोरीच्या लग्नात बसला. धोटा गेला, तोंड राहिलं.

ज्यांच्या माथी विटाळ मारला होता त्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ह्या वादात तिचं नाव कुणी घेत नाही. सवर्णाचं मन केव्हा बदलतं ह्याची वाट बघत ते बसले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, लाखो लोकांनी घेतली, त्यात नागपूरच्या गिरण्यांतला कामगार होता, आमच्या वर्धा जिल्ह्यातली खेडीच्या खेडी होती. घरचे देव सोडले, मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, त्याबरोबर येणारी बलुत्याची भाकर सोडली. पुढं धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलतीही १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. तरी कुणी मागं फिरलं नाही. मन बदललं म्हणजे काय, हे ज्याला बघायचं त्यानं इथं बघावं. पदरचं किती सोडलं ह्यावर ते मोजता येतं.

आता आजचं बोलू. नाहीतर म्हणाल, भाऊ जुन्या गोष्टी सांगून घरी गेले.

आज विदर्भातल्या गिरण्यांत कायम कामगार थोडा आणि कंत्राटी फार. बिहारचा, ओडिशाचा, मध्य प्रदेशातला पोरगा ठेकेदार घेऊन येतो, एका खोलीत आठ-दहा जण कोंबतो. आणि आपल्यातले काय बोलतात? हे कुठंही थुंकतात. ह्यांच्या प्याल्यानं पाणी पिऊ नका. ह्यांच्यामुळं आपला दर पडला. बंधूंनो, ही भाषा ओळखीची वाटते का? १९२८ चंच गाणं आहे, चाल तीच, नुसतं नाव बदललं. मराठीचा झेंडा आम्हीही खांद्यावर घेतो. कारभार मराठीत व्हावा, इथल्या पोराला इथं काम मिळावं, ह्यात आम्ही तसूभर मागं नाही. पण दर पाडला तो ठेकेदारानं न् मालकानं, त्याच्या खिशात हात घालायचा सोडून आपण ओडिशाच्या पोराच्या प्याल्याकडं बोट दाखवतो. प्याला स्वस्तातला आहे म्हणून.

आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगतो. गिरणीचं नाव कशाला, माणसाचं तर नाहीच. आमचे एक मामा आहेत, तीस वर्षांची नोकरी, स्वभावानं देवमाणूस, पण कंत्राटी पोरांच्या पंगतीला बसायचे नाहीत. डबा घेऊन लांब भिंतीशी जायचे. रातपाळीला त्यांच्या शेजारच्या फ्रेमवर एक ओडिया पोरगा लागला. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तुटलेला धागा लवकर दिसायचा नाही. पोरगा आपलं काम संभाळून मामांच्या फ्रेमवरचे धागे जोडायचा. कुणाजवळ बोलला नाही. मामांचं उत्पादन पडलं नाही, म्हणून साहेबाचं बोलणं बसलं नाही. तीन-चार महिने असं चाललं. मग एक दिवस मामा डबा घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "घे रे बाप्पा, झुणका खाऊन पाय. तिखट हाये, पाणी जवळ ठेव."

इथं टाळी वाजवून गोष्ट संपवता आली असती. पण पुढं त्या पोराचं लग्न झालं, बायकोला आणायची होती, तो मामांकडंच गेला.

"मामा, तुमची मागची खोली रिकामी आहे ना, भाड्यानं देता का?"

"खोली? नाही गा. घरी लेकीबाळी हायेत, समजून घे."

पोरगा समजून गेला. दुसऱ्या दिवशी डबा दोघांनी मिळूनच खाल्ला.

काही जण ही गोष्ट ऐकून मामांना हसतात, म्हणतात बघा, शेपूट वाकडंच. आम्ही हसत नाही. भिंतीपासून पंगतीपर्यंतचं अंतर त्यांनी तोडलं ते कमी नाही, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तोडलं. पंगतीपासून खोलीपर्यंतचं राहिलं. तिथं नुसतं झुणक्यानं भागत नाही, तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांत नाव खाली जातं, सोयरे विचारतात. मामा एकटे ते अंतर तोडणार नाहीत. पण आळीतल्या दहा घरांनी मिळून खोल्या दिल्या, तर मामांनाही देता येईल, कारण मग बोलणारा राहणार नाही. युनियन कशासाठी असते? एकट्याला जे जड जातं ते दहांनी मिळून उचलायला. पगारवाढीला जर हे लागू आहे, तर ह्याला का नाही?

ह्यावर आमचे काही मित्र म्हणतात, युनियननं पगाराचं बघावं, माणसाच्या मनात शिरू नये. त्यांना आम्ही इतकंच विचारतो, १९२८ ला ती मागणी यादीत घातली नसती तर? विणकाम खातं दुसऱ्या दिवशी उघडलं नाही हे खरं. पण कागदावर आल्यामुळं तो अन्याय आहे, हे युनियनला पहिल्यांदा आपल्या तोंडानं म्हणावं लागलं. नाखुशीनं म्हटलं, तरी म्हटलं. एकदा म्हटलेलं गिळता येत नाही.

तेव्हा आजचा प्रश्न सरळ आहे. नव्या कराराच्या मागण्यांचा कागद तयार होत आहे. त्यात कंत्राटी कामगाराला सारख्या कामाचा सारखा पगार, त्याला युनियनची पावती आणि मतदानाचा हक्क, असं एक कलम आहे. ते घालावं हे कमिटीत सगळ्यांनी मान्य केलं, कुणी उघड विरोध केला नाही. वाद आहे तो जागेवरून. काही जण म्हणतात, कलम सर्वांत शेवटी घाला. का, तर वाटाघाटीत सौदा करायची वेळ आली की आधी तेच सोडून देता येईल आणि आपल्या बोनसला धक्का लागणार नाही.

आम्ही म्हणतो, पहिलं घाला. रविवारच्या सभेत ह्याचा निकाल आहे. ज्याला शेवटी घालायचं आहे त्यानं यावं, उभं राहावं आणि कंत्राटी भावांसमोर, त्यांनाही बोलावलं आहे, आपलं कारण सांगावं.